सामन्याआधीचे दिवस : सॅन अँटोनियोतला ऑल-अमेरिकन आठवडा

सोमवार

ह्यूस्टनहून सॅन अँटोनियोला जायला आय-१० महामार्ग धरायचा आणि पश्चिमेकडे जात राहायचं. सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता, बहुतेक सपाट. केटी गाव मागे पडताना माझ्या पोरानं गाडीतूनच हात केला. त्या बाजूला केटीच्या शाळांचं स्टेडियम आहे, २०१७ साली बांधलेलं, बारा हजार माणसं बसतील एवढं. डॅलसजवळच्या ॲलन गावातलं तर अठरा हजारांचं, सहा कोटी डॉलर खर्चून २०१२ साली उभं केलेलं. तेही शाळेचंच. टेक्सासात शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या फुटबॉलची, हेल्मेट घालून खेळायच्या इथल्या फुटबॉलची. गाव जितकं लहान तितकी तिथली ती संध्याकाळ मोठी. ज्या खेड्यात अकरा पोरं जमत नाहीत तिथे सहा-सहा जणांचा खेळतात, पण खेळतात.

दर जानेवारीत सॅन अँटोनियोच्या अलामोडोम स्टेडियममध्ये ऑल-अमेरिकन बोल होतो. देशभरातले बारावीचे निवडक शंभरेक खेळाडू येतात, पूर्व आणि पश्चिम असे दोन संघ पडतात. पहिला सामना २००० च्या डिसेंबरात डॅलसला झाला आणि २००२ पासून तो इथे आला. २०२१ मध्ये कोविडमुळे रद्द झाला, तेवढा खंड. व्हिन्स यंग, एड्रियन पीटरसन, टिम टीबो, अँड्र्यू लक ही नावं पुढे अख्ख्या देशानं घेतली, त्याआधी ती या मैदानावर दिसली होती. पीटरसननं तर ओक्लाहोमा विद्यापीठात जाणार हे २००४ मध्ये याच सामन्याच्या वेळी जाहीर केलं.

शनिवारचा सामना टीव्हीवर दिसतोच. आम्हाला ओढ होती ती त्याआधीच्या सरावांची. पोरगा अकरावीत आहे, शाळेच्या संघात गार्ड खेळतो. म्हणजे चेंडू जिथून सुटतो त्याच्या अगदी शेजारी वाकून उभा राहणारा, ज्याच्या हातात चेंडू कधीच येत नाही असा खेळाडू. त्याच्या कोचनी निघताना एकच सांगितलं होतं, "बॉल बघू नकोस. लाइनवाल्यांचे पाय बघ."

मला हे लगेच पटलं, कारण मी कोल्हापूरचा. गंगावेशेत तालमीच्या दारात उभं राहून मी जे पाहिलं त्यात हेच होतं. खासबागेत हलगी वाजत असताना लढलेली कुस्ती सगळं गाव बघतं, पण वस्ताद पोराला पारखतात ते तालमीत, पहाटे, रोजच्या जोडीदाराबरोबर लढताना. पडल्यावर तो माती झटकून लगेच उभा राहतो का, परत त्याच डावाला सापडतो का, हे तिथेच कळतं.

लूलिंगला बकीजमध्ये, पेट्रोलपंपावरच्या मोठ्या दुकानात, थांबलो. पोरानं ब्रिस्केटचं सँडविच घेतलं, मी घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीतच खाल्ल्या. दिवस मावळताना सॅन अँटोनियोत शिरलो.

मंगळवार

सगळे सराव सगळ्यांना खुले नसतात. पोराच्या कोचची ओळख कामी आली आणि मैदानाच्या बाजूच्या बाकांवर बसायला जागा मिळाली. आजूबाजूला बहुतेक आईबाप, काही शाळांचे कोच, आणि पार पुढे वह्या आणि फोन घेतलेले वार्ताहर.

खेळाडू आले की आधी त्यांची मापं घेतात. उंची, वजन, हाताची लांबी, पंजा, दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. शाळेच्या यादीत सहा फूट सहा इंच लिहिलेला पोरगा इथे सहा-चार भरतो, असं दरवर्षी कुणा ना कुणाचं होतं. टॅकलच्या, म्हणजे गार्डच्या बाहेर लाइनच्या कडेला उभ्या राहणाऱ्याच्या, हाताची लांबी चौतीस इंचांच्या आसपास असावी असं मानतात. ज्याचा हात लांब तो समोरच्याला आधी लावतो, आणि आधी लागलेला हात पुढची सगळी लढत ठरवतो, इतकं साधं कारण.

मग सुरू झाला तो भाग ज्यासाठी आम्ही आलो होतो. वन-ऑन-वन. एका बाजूला चेंडू असलेल्या संघाचा ऑफेन्सिव्ह लाइनमन, समोर त्याच्यावर चाल करणारा डिफेन्सिव्ह लाइनमन, मागे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी एक उभा पॅड. शिट्टी वाजली की डिफेन्सवाल्यानं त्या पॅडपर्यंत पोचायचं, दुसऱ्यानं त्याला अडवायचं. तीन-चार सेकंदांत निकाल लागतो. जवळून पाहिल्याशिवाय याचा अंदाज येत नाही. एकशेपस्तीस-एकशेचाळीस किलोची सतरा-अठरा वर्षांची पोरं एकमेकांवर आदळतात तेव्हा तो आवाज बाकापर्यंत येतो आणि पाठोपाठ बुटांनी उखडलेलं गवत दिसतं.

आदळणं हा त्यातला थोडा भाग. खरा खेळ हातांचा. समोरच्याच्या छातीवर आतून पकड कुणाची बसते, बाहेरून आलेला हात कोण झटकतो, कोपर कोण उचलतं. ही तर खडाखडी. दोन मल्ल मनगटं झोडत, मानेवर हात टाकत एकमेकांचा तोल चाचपतात, तीच. फरक एवढाच की इथे चाचपायला वेळ नाही. नंतर एका कोचशी बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, यातले कितीतरी लाइनमन शाळेत हिवाळ्यात कुस्तीही खेळतात, आणि तसा पोरगा दिसला की आम्ही कोच मंडळी खूश होतो.

या लढतीत पारडं डिफेन्सकडे झुकलेलं असतं, हे बघणाऱ्यानं विसरू नये. खऱ्या सामन्यात टॅकलच्या शेजारी गार्ड असतो, चेंडू दोन-अडीच सेकंदांत हातातून सुटतो. इथे टॅकल एकटा आणि समोरच्याला दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणून अडवणाऱ्याची हार दिसली की लगेच हात झटकायचे नसतात.

माझी नजर एका डाव्या टॅकलवर खिळली. उंच, पाठ रुंद, पण पाय जरा जड वाटले. त्याच्या पहिल्याच रेपला, म्हणजे पाळीला, समोरच्या डिफेन्सिव्ह एंडनं बाहेर दोन पावलं टाकली. हा ती अडवायला गरजेपेक्षा जास्त बाहेर सरकला, तोवर तो गर्रकन आत फिरून पॅडपाशी पोचलासुद्धा. टॅकल हातावर पडला. बाकांवर "ओह" झालं, पुढे फोन वर गेले.

तो उठला आणि रांगेच्या शेवटी गेला. बाकीची पोरं पाणी पीत होती, गप्पा मारत होती. हा मात्र तिथे एकटाच उभा राहून मागे सरकण्याची पावलं टाकत होता, सावकाश, पायाकडे बघत. इथे त्याला किक-स्टेप म्हणतात. बाहेरचा पाय मागे टाकायचा, आतला पाय जमीन न सोडता ओढून घ्यायचा. दुसऱ्या रेपला समोरच्यानं सरळ छातीवर धडक दिली. हा तीन पावलं मागे गेला, पण मग बूड खाली टाकलं, टाचा रोवल्या आणि थांबला. पॅड त्याच्या पाठीमागे हातभर राहिला होता.

"हरला की जिंकला?" मी पोराला विचारलं.

"बाबा, थांबला ना तो. पॅड शाबूत आहे. त्याचं काम तेवढंच."

बुधवार

रात्री उत्तरेकडून गार वारा घुसला आणि सकाळी जाकिटं काढावी लागली. टेक्सासात जानेवारीत असं होतं, काल अर्ध्या बाहीचा शर्ट, आज कानटोपी.

आज आम्ही रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक यांच्या बाजूला बसलो. गर्दीही तिथेच. हा भाग दिसायला सगळ्यांत देखणा. रिसीव्हर पळतो, कॉर्नर त्याला चिकटतो, चेंडू हवेतून येतो, दोघं उडी मारतात. पण इथे सगळी सोय रिसीव्हरची असते. क्वार्टरबॅकच्या अंगावर कुणी धावून येत नाही, त्याला हवा तेवढा वेळ. कॉर्नरच्या मदतीला मागे सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागचा बचावपटू, नाही, अर्धं मैदान त्या एकट्यानं राखायचं. म्हणून तिथे एखाद्या कॉर्नरनं चार चेंडू पाडले तर तो खरोखर भारी खेळाडू, आणि रिसीव्हरनं चार झेलले तर तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही.

एक बुटका कॉर्नर होता, इतरांच्या खांद्याला लागेल एवढा. सकाळी पहिल्याच चेंडूला रिसीव्हर त्याला मागे टाकून पळाला. पुढे बसलेल्यांपैकी कुणीतरी तो तुकडा लगेच फोनवरून सोडला. पाच-दहा मिनिटांत पोराच्या फोनवर तो आला, खाली शेरे. ओव्हररेटेड. एक स्टार कमी करा. सतरा वर्षांच्या मुलाची तीन सेकंदं, आणि तो अजून मैदानावरच उभा आहे, त्याला माहीतही नाही. मला हे फार लागलं. तालमीत पोरगं पडलं तर ते तालमीच्या चार भिंतींत राहतं. पडल्याशिवाय शिकता येत नाही, आणि पडणं जगाला दाखवलं जाणार असेल तर पोरं पडायला भितील, अवघड जोडीदार टाळतील. काही खेळाडू अशा सरावांत रेप घ्यायला रांगेत मागे-मागे राहतात, ते याच भीतीपोटी असणार असं मला वाटतं.

त्या कॉर्नरनं मात्र रांग टाळली नाही. त्याच रिसीव्हरसमोर तो परत आला, या वेळी स्नॅप होताच, म्हणजे चेंडू सुटताच, त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलत नेलं. चेंडू आला तेव्हा रिसीव्हरला जागाच उरली नव्हती. हा तुकडा आम्हाला फोनवर दिसला नाही.

स्टारबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथली निम्मी चर्चा त्याचीच. रिव्हल्स, २४७ स्पोर्ट्स, ईएसपीएन या संस्था शाळकरी खेळाडूंना दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. पाच तारे देशभरात साधारण बत्तीस-तेहतीस जणांना मिळतात. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत बत्तीस जण निवडले जातात, त्याच मापानं. असे सराव बघून झाल्यावर शेवटची यादी लागते. त्यामुळे इथे चमकलेला पोरगा वर चढतो.

ही यादी खोटी असते असं मी म्हणणार नाही. पाच तारेवाले पुढे एनएफएलमध्ये पोचण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त आहे, बघणाऱ्यांची नजर तयार आहे. पण आम्ही ह्यूस्टनचे. आमच्या शहरात जे. जे. वॉट खेळला. शाळेत तो दोन तारेवाला, आक्रमणातला टाइट एंड होता. सेंट्रल मिशिगनला गेला, ते सोडून विस्कॉन्सिनला स्कॉलरशिपविना गेला, मधल्या काळात पिझ्झा पोचवत होता. मग २०१२, २०१४ आणि २०१५ असा तीनदा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढे एनएफएल गाजवणारा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स पूर्व टेक्सासातल्या व्हाइटहाउसचा, तीन तारे, बेसबॉलही खेळायचा. तसाच नावाजलेला क्वार्टरबॅक जॉश ॲलन, त्याला शाळा संपताना एकाही मोठ्या विद्यापीठानं विचारलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या एका ज्युनियर कॉलेजात एक वर्ष काढून तो वायोमिंगला गेला. अशा आठवड्यात पाहुणा म्हणूनसुद्धा कुणी त्याला बोलावलं नसतं. ही पोरं चुकून सुटली असं नाही. कुणाची उंची उशिरा वाढते, कुणाचं गाव आडबाजूला असतं, कुणाची जागा बदलते. सतराव्या वर्षी माणूस पूर्ण झालेला नसतो.

टॅकलचा आजचा दिवस मध्यम गेला. परत एकदा आतल्या बाजूनं फसला, पण पडला नाही.

गुरुवार

आज बाकावर शेजारी लुइझियानातले एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा सेफ्टी. माझ्या पोराची अंगकाठी बघून त्यांनी आधी त्यालाच विचारलं, "गार्ड?" पोरगा खुलला. मग बोलणं लांबलं.

त्यांच्या मुलाची कॉलेजच्या करारावर सही डिसेंबरातच झालेली. २०१७ पासून डिसेंबरात सही करायची मुभा आली, तेव्हापासून इथे येणारे बहुतेक जण कॉलेज ठरवूनच येतात. शनिवारी भर सामन्यात टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडून आपण निवडलेल्या कॉलेजची उचलायची, ती मजा आता मोजक्या जणांपुरती उरली. त्यांचा मुलगा शाळेचा अभ्यास लवकर संपवून बसलाय, सामना झाला की रविवारी थेट कॉलेजच्या वसतिगृहात. घरी परत जाणारच नाही. "त्याची आई गाडीत त्याच्या चादरी-उशा भरून आली आहे," ते म्हणाले, आणि थोडा वेळ मैदानाकडेच बघत राहिले.

मी विचारलं, सही झाली, जागा पक्की, मग या सरावात एवढं जीव तोडून खेळायचं कशासाठी?

त्यांचं उत्तर सविस्तर होतं. पूर्वी एका संघाला पंच्याऐंशी स्कॉलरशिपा देता यायच्या, वर स्वतःच्या खर्चानं खेळणारे कितीही. २०२५ पासून ते बदललं, आता संघात एकूण एकशेपाचच जण. कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, दुसऱ्या कॉलेजातला तयार, बावीस वर्षांचा खेळाडू आणता येतो. मग शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराची दोन वर्षं वाट कोण बघणार? "पूर्वी कोच म्हणायचे, ये, आम्ही तुला घडवू. आता आधी विचारतात, तू यंदा खेळू शकतोस का. म्हणून इथे पोरगा देशातल्या चांगल्या रिसीव्हरांसमोर उभा राहिला तर त्याला स्वतःला तरी कळेल, आपण कुठे आहोत."

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. मापं, तारे, याद्या बाजूला ठेवल्या तरी हा एक उपयोग शिल्लक राहतोच. आपल्या जिल्ह्यात ज्या पोराला कुणी हरवू शकत नाही, त्याला इथे पहिल्यांदा बरोबरीचा जोड मिळतो. चार वर्षं तो केवळ अंगाच्या बळावर जिंकत आलेला असतो, तंत्र शिकायची गरजच पडलेली नसते. ती गरज इथे पडते.

आणि आज मला ते डोळ्यांसमोर दिसलं. मंगळवारचा तोच डिफेन्सिव्ह एंड, समोर तोच टॅकल. बाहेर दोन पावलं, तीच लय. टॅकल सरकला, पण कालपरवासारखा पळत नाही, आतला हात समोरच्याच्या फासळीवर ठेवून. एंडनं आत गिरकी घ्यायला पाठ वळवली आणि तो हात तिथेच होता. गिरकी अर्ध्यात अडली. टॅकलनं आतला पाय खाली टाकला, दोन्ही हातांनी त्याला ढकलून पॅडच्या बाजूनं पार बाहेर काढलं. शिट्टी वाजली. कोच ओरडत धावत आले, त्याच्या हेल्मेटवर थापट्या मारल्या. हरलेला एंडही वळून आला आणि त्याला काहीतरी सांगू लागला, हातानं करून दाखवत, बहुधा आता मी काय केलं असतं ते. दोघं रांगेत परत जाईपर्यंत बोलत होते. उद्या कदाचित विरोधी कॉलेजांत असतील.

पोरगा उभा राहून बघत होता. त्यानं आपला डावा हात पुढे धरून तोच कोन करून पाहिला.

दुपारी मिशन सॅन होजेला गेलो. अठराव्या शतकातलं स्पॅनिश चर्च, भोवती दगडी तट, आत तिथल्या मूळ रहिवाशांसाठी बांधलेल्या खोल्यांची रांग. सॅन अँटोनियोतली ही मिशनं २०१५ साली जागतिक वारसा यादीत गेली. दक्षिण भिंतीवरची रोझ विंडो नावाची कोरीव खिडकी बघताना थंडीतही पाय निघेना.

शुक्रवार

आज हलका सराव, धक्काबुक्की नाही. नुसती चालत चालत उजळणी. बघण्यासारखं फार नव्हतं, लवकर निघालो. अलामो पाहिलं, टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या १८३६ च्या वेढ्याची जागा, आता चहूबाजूंनी शहरात बुडालेली. रिव्हर वॉकवर नदीकाठानं खेळाडूंचे घोळके फिरत होते, सगळ्यांच्या अंगावर सारखी जाकिटं. शाळेतली उंचच उंच पोरं, आईस्क्रीम खात, होडीतल्या माणसांना हात करत. मैदानावर पाहिलेल्या चेहऱ्यांचं वय तेव्हा कळलं.

रात्री दोघं मार्केट स्क्वेअरला 'मी तिएरा' नावाच्या ठिकाणी जेवलो. १९४१ पासूनचं हॉटेल. दारातच गोड पावांची कपाटं आहेत, तिथली रांग जेवणाच्या रांगेइतकीच मोठी.

शनिवार

अलामोडोम १९९३ साली उघडलं. एनएफएलचा संघ शहरात यावा म्हणून बांधलं, तो काही आला नाही. चार कोपऱ्यांतल्या चार मनोऱ्यांना तारांनी टांगलेलं छप्पर लांबूनच दिसतं.

सामना चांगला झाला, पण आठवडाभर सराव पाहिलेल्याला तो पातळ वाटतो. अशा सामन्यांत सहसा डाव साधे ठेवतात, क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडायला मनाई असते, आणि सगळ्यांना खेळवायचं म्हणून दर थोड्या वेळानं पोरं बदलतात. बुटका कॉर्नर पहिल्याच क्वार्टरला उतरला. त्याच्या बाजूला फारसा चेंडूच टाकला नाही. लुइझियानाच्या गृहस्थांचा मुलगा एका धावत्याला उघड्यावर एकट्यानं आडवा करून उठला, तेव्हा चार रांगा खालून त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला.

टॅकल दुसऱ्या क्वार्टरला आला. तो मैदानावर असेपर्यंत त्याचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही. लाइनमनचं नाव लाउडस्पीकरवर येतं ते बहुतेक वेळा त्याच्याकडून फाउल झाला तरच. पोरानं चेंडूकडे पाहिलंच नाही. प्रत्येक स्नॅपला तो त्या एकाच माणसाच्या पायांकडे बघत होता आणि मला हळू आवाजात सांगत होता, "आतला हात... बघा, आतला हात आधी."

सामना संपल्यावर मैदानावर आईबापांना सोडलं. गर्दीत तो टॅकल आईला एका हातानं कवेत घेऊन उभा होता, दुसऱ्या हातात हेल्मेट. पोरगा म्हणाला, जाऊन बोलू का? मी म्हटलं, जा की. दोघं पाचेक मिनिटं बोलले. त्यानं पोराचे खांदे धरून त्याला वाकवलं, पाय पायानं सरकवून नीट लावले, मनगट धरून हात कुठे ठेवायचा ते दाखवलं. भोवतीनं लोक फोटो काढत होते, या दोघांचं लक्ष नव्हतं.

अंधार पडता पडता निघालो. सगीन गावाच्या आधीच पोरानं कोचला मेसेज टाकला, किक-स्टेप आणि आतल्या हातावर काम करायचंय, मे महिन्यातल्या स्प्रिंग प्रॅक्टिसपर्यंत थांबायचं नाही. उत्तर लूलिंगला आलं. सोमवारी सकाळी सहाला, वेट रूममध्ये, बूट घेऊन ये.